ओढ्याची रुंदी

पुणेकराला आंबील ओढा माहीत असतो तो दांडेकर पुलाखालचा. दोन्ही बाजूंना उंच भिंती, तळाशी काळपट पाणी, खडकांना अडकलेल्या पिशव्या. या ठिकाणी उभं राहून ओढा समजून घ्यायला गेलं तर फक्त गटार समजतं. म्हणून हा ओढा चालायचा तो वरून खाली, पाणी ज्या क्रमाने येतं त्याच क्रमाने. वर पाणी कसं गोळा होतं ते पाहिलेलं असेल तरच खाली पात्र एवढं मोठं का लागतं, हे डोक्यात शिरतं.

सुरुवात कात्रजच्या धारेवरून करावी. जुन्या बोगद्याच्या माथ्यावरून सिंहगडाकडे जी डोंगररांग जाते, तिच्यावरून रात्री टॉर्च घेऊन चालणारे पुष्कळ असतात, पण ही रांग पाणलोटाची सीमा आहे याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. धारेच्या उत्तरेला पडलेलं पाणी मुठेचं. दक्षिणेला पडलेलं शिवगंगेच्या खोऱ्यात उतरतं, तिथून गुंजवणीत आणि पुढे नीरेत. मुठेचं पाणी मुळा-मुठा होऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं, उजनीच्या जलाशयातून पुढे सरकतं आणि इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला त्याची नीरेशी गाठ पडते. हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब तिथे एकत्र येतात, तेही त्यातल्या एकाला वाटेत कुणी धरणात, कालव्यात किंवा उसाच्या सरीत अडवलं नाही तर.

ओढ्याचा उगम म्हणून बोट ठेवावं असा एक बिंदू नसतो. देऊळ, कुंड, गोमुख हे सगळं नद्यांच्या वाट्याला. इथे आधी गवतातून नुसता ओलावा झिरपतो, मग वीतभर रुंदीचे ओघळ पडतात, चार ओघळ मिळून एक घळ होते आणि भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजरवाडीच्या अंगाने अशा अनेक घळी उतरून खाली एकत्र येतात. त्यातली 'खरी' कोणती हा वाद निरर्थक आहे. पाऊस थांबल्यावर जी सर्वांत जास्त दिवस वाहते ती मुख्य धरावी, एवढं व्यवहाराला पुरतं.

घळीतून उतरताना उतार एकसारखा लागत नाही. पायऱ्या लागतात. दख्खनचा बेसॉल्ट लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलेला आहे. कठीण थराचा कडा होतो आणि त्याखालचा सच्छिद्र, भुसभुशीत थर झिजून आत सरकतो. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी गेरूसारखा तांबडा मातीचा पट्टा दिसतो. एका लाव्हाचा पृष्ठभाग उघड्यावर राहून झिजला, मग पुढचा लाव्हा त्यावर येऊन त्याला भाजून गेला, त्याची ती खूण. हा पट्टा पाणी सहज खाली जाऊ देत नाही. वरच्या थराच्या भेगांतून मुरत आलेलं पाणी इथे अडतं आणि आडवं सरकून कड्याच्या पोटातून बाहेर येतं. पावसाळा संपल्यावर महिना-दोन महिने जे झरे चालू राहतात, त्यांतले बरेच अशा जागी सापडतात. कोरड्या उतारावर मध्येच एका आडव्या रेषेत हिरवळ दिसली, तर बहुधा त्या रेषेवर असाच थर असतो.

पायथ्याशी उतार कमी होतो आणि ओढा ओढ्यासारखा दिसू लागतो. डोह, मग खळाळ, पुन्हा डोह. हे अंतर अगदीच वाटेल तसं नसतं. मोकळ्या, गाळ-गोट्यांच्या पात्रात एका डोहापासून पुढच्या डोहापर्यंतचं अंतर साधारण पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट भरतं. म्हणजे तीन मीटर रुंद ओढ्यात दर पंधरा-वीस मीटरला एक डोह. खडकाळ भागात हा हिशेब चालत नाही, तिथे कड्याखालची उडी जिथे पडते तिथे डोह होतो. पण सपाटीवर हे अंतर पावलांनी मोजून पाहावं. पुढे शहरात शिरल्यावर डोह आणि खळाळ कुठे नाहीसे झाले, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

पात्रातले चपटे दगड नीट पाहिले तर ते एकमेकांवर रेलून बसलेले असतात, आणि सगळ्यांचा कल वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला असतो. दुसऱ्या कुठल्याही स्थितीत पुराने त्यांना उलथलं असतं. कोरड्या पात्रातही पाणी कुठून कुठे जातं ते यावरून कळतं. दगडांचा आकारही वाचता येतो. डोंगरालगत कोपरे शाबूत असलेले दीड-दोन फुटी धोंडे, खाली उतरावं तसे गोल होत गेलेले गोटे, त्याच्याही खाली वाळू. एखाद्या जागी गोट्यांमध्ये मध्येच कोपरेदार दगडांचा ढीग दिसला, तर वर कुठेतरी दरड आली आहे किंवा कुणी रस्त्याचा राडारोडा आणून टाकला आहे. विटेचा तुकडा दिसला की शंका मिटते.

आता सगळ्यांत महत्त्वाची खूण. काठच्या झुडपांत, तारेच्या कुंपणात, करंजाच्या खालच्या फांद्यांत वाळलेलं गवत, काटक्या आणि प्लास्टिक एका ठरावीक उंचीवर गुंतलेलं असतं. ती गेल्या मोठ्या लोंढ्याची पातळी. तळापासून ती उंची टेपने मोजावी आणि त्याच पातळीवर समोरचा काठ किती दूर आहे तेही मोजावं. नोव्हेंबरमध्ये जो ओढा दोन मीटर रुंद आणि घोट्याइतका खोल दिसतो, त्याची ही दुसरी रुंदी कैक पट निघते. ओढ्याला दोन रुंद्या असतात. एक रोजची, एक रात्रीपुरती. जमीन मोजणारे, प्लॉट पाडणारे आणि घर घेणारे यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पहिलीच असते.

चालायला महिना कोणता? जूनमध्ये जाऊ नये. पहिल्या पावसात वर्षभराची धूळ, शेण, राख असं सगळं एकदम येतं, काठ ढासळत असतात आणि पाण्याचा काही अंदाज लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ओढा सलग वाहतो, पण पाणी गढूळ असल्याने तळ दिसत नाही. सप्टेंबरची अखेर ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ उत्तम, फक्त सप्टेंबरात दुपारनंतरचे वळवासारखे ढग सांभाळायचे. या दिवसांत उतारावर सोनकी आणि तेरडा असतो, पाणी नितळ असतं आणि काठावर पांढऱ्या भुवईचा धोबी शेपटी हलवत फिरताना दिसतो. डिसेंबरात प्रवाह तुटून डोह उरतात. फेब्रुवारीनंतर वरचा भाग कोरडा पडतो. ज्यांना खडक पाहायचे आहेत त्यांनी मात्र मुद्दाम तेव्हाच जावं.

पायात चांगल्या नक्षीचा रबरी तळ असलेले, भिजले तरी चालतील असे कापडी बूट हवेत. चपला नकोत, आणि अनवाणी तर नकोच, कारण गावाजवळ पात्रात काचा असतात. बेसॉल्टवरचं शेवाळ ओलं असताना निसरडं असतंच, पण अर्धवट वाळलेलं जास्त फसवतं. काळा चकचकीत दगड टाळावा, खरबरीत करड्या दगडावर पाय द्यावा. ओढा ओलांडायचा तर अरुंद जागा निवडण्याचा मोह होतो आणि तिथेच चुकतं. पाणी तेवढंच असतं, म्हणून जिथे पात्र अरुंद तिथे ते खोल आणि वेगवान होतं. पसरट खळाळावर ओलांडावं, तोंड वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला ठेवून, हातात काठी रोवून, एका वेळी एकच पाय उचलत. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडलं तर ती अंगातून काढता येते. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर गेलं की परत फिरावं. खाली लगेच उडी किंवा मोरी असेल तर घोटाभर पाण्यातही ओलांडू नये.

लोंढा येण्याआधी काही खुणा दिसतात. नितळ पाणी अचानक चहाच्या रंगाचं होतं, पानं आणि काटक्या एकदम वाढतात, वरून सलग घरघर ऐकू येते. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी धारेवर पाऊस पडत असू शकतो. अशा वेळी काठाकाठाने खाली पळू नये, बाजूच्या चढावर जावं. एवढ्या लहान ओढ्याचं पाणी जसं झटकन चढतं तसंच उतरतंही, वरचा पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत वाट पुन्हा मोकळी होते. पलीकडच्या काठावर अडकून पडल्याने फार तर उशीर होतो, तेवढा सोसावा.

ओढ्यात पाणी किती आहे हे मोजायला टेप, घड्याळ आणि सुकी काटकी पुरते. दहा मीटरचा सरळ तुकडा निवडायचा. काटकी वरच्या खुणेच्या थोडी आधी सोडायची, खुणेपासून खुणेपर्यंतचा वेळ घ्यायचा आणि हे पाच वेळा करून सरासरी काढायची. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात जातं, म्हणून आलेला वेग ०.८ ने गुणायचा. मग पात्राची रुंदी आणि आडव्या रेषेवर दर फुटाला खोली. समजा रुंदी दोन मीटर, सरासरी खोली पंधरा सेंटिमीटर आणि काटकीला पंचवीस सेकंद लागले. वेग सेकंदाला ०.४ मीटर, गुणून ०.३२. छेद ०.३ चौरस मीटर. म्हणजे सेकंदाला साधारण ९६ लिटर. चूक होते ती बहुधा खोलीत. लोक मधली सर्वांत खोल जागा मोजतात आणि उत्तर दीडपट येतं. हीच मोजणी त्याच जागी पाऊस थांबल्यावर दर आठवड्याला केली, की डोंगराने किती पाणी पोटात धरलंय त्याचा अंदाज येतो. उताराला गवत आणि झाडी असेल तिथे आकडा हळूहळू घसरतो. जिथे टेकडी फोडून सपाटी केलेली आहे, तिथे तो चार दिवसांत तळाला जातो.

पाण्याची तब्येत पाहायला प्रयोगशाळा नेहमी लागतेच असं नाही. खळाळातला मुठीएवढा दगड उचलून उलटा करावा. त्याला चिकटलेले, दोन-तीन शेपट्या असलेले चपटे किडे दिसले, तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे. खेकडे आणि लहान मासे असतील तर आणखी चांगलं. त्याऐवजी तळाच्या गाळात लाल, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत असतील, तर वर कुठेतरी सांडपाणी सोडलेलं आहे. दगड पाहून झाला की होता तसा ठेवावा. आंबील ओढ्यावर हा बदल फार मोठ्या अंतरात होत नाही. डोंगराच्या पायथ्याची वस्ती ओलांडली की झालं.

मग कात्रजचे तलाव. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, ओढ्यावर बांध घालून हे पाणी अडवलं गेलं. तलाव दोन आहेत, एकाच्या खाली एक. वरच्यात गाळ बसावा आणि निवळलेलं पाणी खालच्यात यावं, अशी रचना. खालच्या तलावातून दगड-चुन्याचा बांधीव नळ शहरात नेला होता. नळ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते इथे चालत नाही. हा जमिनीखालचा बोगदाच आहे, माणसाला आत शिरून गाळ काढता येईल एवढा. वर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर जाते आणि साफसफाईला उतरायलाही वाट मिळते. पंप नाही, चाक नाही. कात्रज उंचावर आणि पेठा खाली, तेवढ्या उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या हौदांपर्यंत पोचायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आज चौकांपुरती उरली आहेत, पण ती या नळाची टोकं होती. पाण्याबरोबर गाळ येणारच, हे गृहीत धरून केलेलं हे काम. आज वरचा तलाव गाळ आणि जलपर्णीने भरतो तेव्हा त्याला दोष देतात. खरं तर तो त्याचं काम करतोय. गाळ काढण्याचं आपलं काम मात्र दरवर्षी होत नाही. खालचा तलाव आता प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे.

तलाव पूर थोपवतो का? जूनमध्ये थोडाफार थोपवतो, कारण तेव्हा त्यात जागा असते. सप्टेंबरात तो सांडव्याच्या पातळीला टेकलेला असतो. तेव्हा जेवढं येतं तेवढं थोड्या उशिराने पुढे जातं. डोंगराची मातीही तेव्हा पिऊन तट्ट झालेली असते.

इथून पुढे ओढा बालाजीनगर, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, मित्रमंडळ चौक, दांडेकर पूल असा जातो. सलग काठाने चालता येत नाही, गल्लीतून पुलावर यायचं, पाहायचं, परत गल्लीत शिरायचं. प्रत्येक पुलावर थांबून खालचं तोंड मोजावं आणि एक साधा हिशेब करावा. एक चौरस किलोमीटर जागेवर तासाला ६० मिलिमीटर पाऊस पडला तर ६० हजार घनमीटर पाणी होतं. अर्धी-अधिक जमीन बांधलेली किंवा भिजून गच्च असेल तर त्यातलं सहा दशांश वाहून येतं, म्हणजे ३६ हजार. तासात सेकंद ३,६००. तेव्हा दर सेकंदाला दहा घनमीटर. हे फक्त एका चौरस किलोमीटरचं.

आता मोरीकडे पाहा. गल्लीबोळांतल्या लहान पुलांखाली पुष्कळदा सिमेंटचे गोल पाइप टाकलेले असतात. १.२ मीटर व्यासाचे तीन पाइप धरले तर एकूण तोंड जेमतेम ३.४ चौरस मीटर. सेकंदाला तीन मीटर इतक्या जोरात पाणी गेलं तरी त्यातून दहा घनमीटरच निघतं. वरच्या फक्त एका चौरस किलोमीटरपुरतं, आणि तेही पाइप पूर्ण मोकळे असतील तर. प्रत्यक्षात पहिल्या अर्ध्या तासात वरच्या अंगाला गादी, फांद्या, थर्माकोल आणि पिशव्यांची भिंत उभी राहते. मग तो पूल राहत नाही, धरण होतं. पाणी आधी मागच्या वस्तीत चढतं, मग रस्त्यावरून पलीकडे उडी मारतं. पुलाचा सगळा गाळा एकच असावा, मध्ये खांब नसावेत, असं म्हणतात ते यासाठी.

काठच्या भिंतींचं बिघडतं ते दोन कारणांनी. एक तर ओढ्याच्या बाजूने पायाखालची माती पाणी उकरून नेतं, विशेषतः वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे प्रवाह आपटतो. दुसरं, भिंतीमागची जमीन भिजून फुगते, आणि ते पाणी बाहेर यायला भिंतीत भोकं ठेवलेली नसतील तर त्याचा सगळा रेटा भिंतीवर येतो. ओढ्याचं पाणी उतरल्यावर पुढचा आधारही जातो, म्हणून काही भिंती पूर ओसरताना पडतात. भिंत पाहताना खालच्या फूटभरात ओल येऊन वाहिल्याच्या खुणा आहेत का ते पाहावं. अगदी कोरडी, गुळगुळीत भिंत चांगली दिसते, पण भरवशाची नसते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यात मोठा पाऊस झाला आणि या ओढ्याने त्याची दुसरी रुंदी दाखवली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली, काठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, गाड्या एकमेकींवर जाऊन बसल्या. पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने चाललं तर दहा किलोमीटर अंतर ६७ मिनिटांत कापतं. कात्रजच्या डोंगरावर ढग फुटला तर खालच्या माणसाकडे तेवढाच वेळ असतो, आणि मधल्या वस्त्यांना तोही नाही.

आपल्याकडे पूररेषा दोन असतात. निळी, सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'पंचवीस वर्षांतून एकदा' हे शब्द घर घेणाऱ्याला धीर देतात, ते मला पटत नाही. त्याचा अर्थ दरवर्षी शेकडा चार शक्यता. पंचवीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा ६४ निघते. फ्लॅट पाहायला गेल्यावर दोन पार्किंग मिळतात का हे विचारण्याआधी निळी रेषा कुठून जाते ते विचारावं, आणि पावसाळ्यानंतर एकदा स्वतः जाऊन काटक्या कुठे अडकल्यात ते बघून यावं.

दांडेकर पुलापाशी आलं की डावी-उजवीकडचा चढ पाहावा. ओढ्याची ही वाट मुळातली नाही. पूर्वी तो आजच्या पेठांच्या भागातून मुठेकडे जायचा, पर्वतीजवळ बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवलं गेलं. पुढे नानासाहेबांनी पर्वतीखाली तळं केलं, त्यातल्या बेटावर गणपतीची स्थापना १७८४ मधली, आणि तळं आटवून झाली ती सारसबाग. रस्त्यावरून पायऱ्या उतरून देवळाकडे जाताना आपण त्या तळ्याच्या तळावर चालत असतो. वळवलेल्या ओढ्याला स्वतःचं पूरमैदान घडवायला वेळ मिळालेला नसतो, दिलेल्या चरातून त्याला जावं लागतं. त्यामुळे या शेवटच्या टप्प्यात पात्राला सैलपणा मुळातच कमी, त्यात भिंतींनी तो आणखी आवळला.

नवी पेठेच्या मागच्या अंगाला वैकुंठ स्मशानभूमीजवळ ओढा मुठेला मिळतो. इथलं गणित वरच्यापेक्षा वेगळं आहे, कारण इथे ओढ्याची पातळी ओढा ठरवत नाही, नदी ठरवते. खडकवासल्यातून मोठा विसर्ग चालू असेल आणि मुठा भरून चालली असेल, तर ओढ्याचं पाणी तोंडाशी अडतं आणि मागे मागे फुगत जातं. कात्रजला तेव्हा साधी रिपरिप असली तरी काठच्या घरांत पाणी येऊ शकतं. म्हणून पावसाळ्यात या भागात जायचं तर दोन गोष्टी पाहून निघावं: डोंगराकडचा पाऊस आणि धरणाचा विसर्ग. दोन्ही एकाच दिवशी चढते असतील तर संगमाकडे पाठ फिरवून म्हात्रे पुलावरूनच नदी पाहावी. ओढ्याचं मोजमाप नोव्हेंबरात करता येतं, तेव्हा शेवटच्या पुलाच्या दगडांवर त्या वर्षीच्या गाळाची रेघ स्पष्ट असते आणि टेपचं एक टोक धरायला खाली सहज उतरता येतं.